तीन वेढे मत्तीला

हे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. लोकांनी वाचावं असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही. एका हायस्कुलात मी पदार्थविज्ञान शिकवलं, फळ्यावर लिहिलं आणि तास संपला की पुसलं, एवढाच माझा लेखनाचा अनुभव. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केली नव्हती, अंगठाच उमटवला होता. त्यामुळे लेखणी हातात घेतली की अजूनही वाटतं, कोणीतरी मागून येईल आणि विचारील, तुला इथे कोणी बसवलं? तरीही लिहितो आहे, कारण गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीनं मला एक प्रश्न विचारला. मॅट्रिकनंतर दोन वर्षं ती एका दवाखान्यात औषधं मोजून द्यायचं काम करते. आता तिला कॉलेजात पदार्थविज्ञान घ्यायचं आहे. "सर, ह्या दोन वर्षांचा अर्जाला काही उपयोग होईल का, की ती फुकट गेली म्हणायची?" मी म्हणालो, उद्या सांगतो. त्याला बरेच दिवस झाले. ती कुंपणापलीकडून पाहते आणि मी झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं पाठ वळवतो. उत्तर माझ्याकडे आहे. टेबलाच्या खणात एक बंद पाकीट आहे, त्यात आहे. पण ते सांगायचं तर मामापासून सुरुवात करायला हवी.

आम्ही जोयड्याकडच्या रानातले, नंदिगड्ड्याच्याही आतले. वडील घाटात रेल्वेच्या कामावर गेले ते तिकडेच दुसरं बिऱ्हाड करून राहिले, आणि आई मला कडेवर घेऊन आपल्या भावाकडे आली. आईला मी अव्वा म्हणत असे; तिकडे सगळेच म्हणत. मामाचं नाव तुकाप्पा, मामीचं शेवंती. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या आणि घरात मुलाची जागा रिकामी होती, ती मला मिळाली. घर गवतानं शाकारलेलं, इतकं बुटकं की मामा आत येताना नेहमी वाकत असे आणि बाहेर पडताना नेहमी विसरत असे. "कपाळमोक्ष झाला का?" मामी चुलीपासून विचारी. "दाराला वाढ म्हणतो तर ऐकत न्हाई," मामा कपाळ चोळत म्हणे. "तुमीच कमी व्हा की जरा," मामी म्हणे. हे जवळजवळ रोज चाले. माळ्यावर कोकमाची सालं वाळत असत, त्यांचा आंबट वास कपड्यांना, पुस्तकांना, सगळ्याला लागे. बेळगावला मॅट्रिकसाठी राहिलो तेव्हा वर्गातली मुलं माझी वही हुंगून हसायची.

सकाळी नाचण्याची आंबील, दुपारी भाताची पेज. पेजेबरोबर कधी सुकी मासळी, कधी लाल मुंग्यांची चटणी. मामी झाडावरचं मुंग्यांचं घरटं पानांसकट उतरवी, झटकी, भाजी, आणि मिरची-मिठाबरोबर पाट्यावर वाटी. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते तोंड फिरवतात. पुढे कॉलेजसाठी पुण्यात गेलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी कुणाला सांगितलंच नाही. एकदा खोलीतल्या सोबत्यानं माझी घरून आलेली पुरचुंडी उघडून विचारलं, हे काय? मी म्हणालो, काही नाही, औषध. लपवायची सवय एकदा लागली की ती लहान गोष्टींनाही लागते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मामा दोरावर होता. म्हणजे काय ते सांगतो. आमच्या डोंगरावर सरकारी रान तोडलं जाई आणि ओंडके खाली काळी नदीच्या काठच्या गाडीवाटेपर्यंत न्यावे लागत. मधे एक उभी घसरण होती, तिथे बैल चालत नसत. मग ओंडक्याच्या टोकाला जाड दोर बांधायचा, वर कड्यावर उभ्या असलेल्या एका किंदळाच्या झाडाला त्या दोराचे वेढे घालायचे, आणि दोराचं मोकळं टोक एका माणसानं हातात धरून हळूहळू सोडत राहायचं. दहा माणसांना न हलणारा ओंडका, त्याला एक माणूस दोन हातांनी लेकरासारखा खाली उतरवी. तो माणूस म्हणजे मामा. त्या किंदळाची साल कधीच गेली होती. वर्षानुवर्षं दोर फिरून बुंधा तुळतुळीत झाला होता. हंगामाच्या पहिल्या दिवशी मामा त्याच्या पायाशी नारळ फोडी आणि अर्धी वाटी तिथेच ठेवी. दोर हातात असताना तो बोलत नसे. खालून माणसं ओरडत, "येऊ दे रे!", "धर रे!" पण वरून उत्तर दोराचं यायचं. दोर कुरकुरायचा. "कुरकुरतोय तवर भ्यायचं न्हाई," मामा मला सांगे. "गप झाला की समजायचं, पळतोय." आणि वेढे किती घालायचे याचा त्याचा एक पाठ होता, तो तिकडच्या सगळ्या पोरांना येत असे: एक वेढा बैलाला, दोन सागाला, तीन मत्तीला, चौथा भित्र्याला. मत्ती म्हणजे तुमच्याकडे ज्याला ऐन म्हणतात ते झाड.

मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात अव्वाला हिवतापानं धरलं. तो एकदा आला की आमच्या रानात लवकर सोडत नाही. मी कॉलेजचा विचार बाजूला ठेवून घरी आलो आणि जंगलखात्याच्या छावणीवर लाकूड-कारकून म्हणून लागलो. काम सोपं होतं. तोडलेल्या प्रत्येक ओंडक्याची लांबी आणि घेर टेपनं मोजायचा, घनफूट काढायचे, वहीत लिहायचे, टोकाला हातोड्याचा शिक्का मारायचा. दोन वर्षं गेली. अव्वा उठून चुलीपाशी बसू लागली, मग मामीशी भांडू लागली, तेव्हा आम्ही ओळखलं की ती बरी झाली. मी बेळगावच्या माझ्या मास्तरांना पत्र लिहिलं. शेजारच्या मुलीनं मला जे विचारलं तेच मी त्यांना विचारलं होतं: पुण्याच्या कॉलेजात शास्त्राच्या वर्गाला जागा थोड्या, दोन वर्षं रानात घालवलेल्या मुलाला ते घेतील का, आणि या कामाचा अर्जाला काही उपयोग होईल का? मास्तरांचं उत्तर आलं. "पदार्थविज्ञान हे हाताने करून पाहण्याचे शास्त्र आहे. तुझा अनुभव वाया जाणार नाही, उलट तोच तुला प्रवेश मिळवून देईल. वरिष्ठांचा दाखला मात्र जोड. काय काम केलेस आणि किती बिनचूक केलेस, हे त्यात यावे." हे पत्र मी मामाला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. "बिनचूक," तो म्हणाला. "म्हंजे चूक न्हाई पायजे. आयकलंस न्हवं?"

आमच्या रानावरचे जंगल अधिकारी, त्यांना सगळे रेंज साहेब म्हणत; दाखल्याचं त्यांना विचारलं. ते कमी बोलणारे गृहस्थ होते. "हंगाम संपला की देतो," म्हणाले, "तोवर एकही तक्रार येता कामा नये." हंगाम संपायला तीन आठवडे राहिले होते.

इथे माझी खरी चूक सुरू होते, आणि ती अज्ञानातून झाली नाही, शहाणपणातून झाली. मास्तरांच्या पत्रानं माझ्या डोक्यात भरलं की नुसता दाखला पुरणार नाही, आपण काहीतरी शास्त्रीय करून दाखवावं. मी एक वही केली. किती घनफुटांच्या ओंडक्याला मामा किती वेढे घालतो, ते रोज टिपू लागलो. ती वही दाखल्यासोबत जोडायची, आणि पुण्याचे प्रोफेसर ती पाहून म्हणतील, हा मुलगा रानातून आला पण पाहायला शिकून आला. सागाचं कोष्टक सुरेख जमलं. अडलं ते मत्तीपाशी. तेवढ्याच मापाच्या मत्तीला मामा तिसरा वेढा घाली. मला ती नुसती रूढी वाटली. पेज पिताना मी त्याला म्हणालो, "मामा, माप सारखं असेल तर वेढे सारखे. झाडाचं नाव काय का असेना."

"व्हय?" मामा म्हणाला. "मग शेवंतीला नि तुझ्या अव्वाला सारखीच पेज वाढून बघ. दोघी एकाच मापाच्या हायत."

"ह्यात माझं काय?" अव्वा म्हणाली.

"तू खातीस जास्त," मामी म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हणालो, अडाणी माणसाला माप काय कळणार. हे वाक्य मी तेव्हा नुसतं मनात म्हटलं होतं. लिहिताना आज हात थांबतो.

आणि मत्तीबद्दल मला ठाऊक नव्हतं असंही नाही. आमच्याकडच्या मुलाला चालायला येतं त्याच्या पुढच्या वर्षी ठाऊक होतं. मत्तीच्या पोटात पाणी असतं. भर उन्हाळ्यात तिच्या बुंध्यावर फुगवटा दिसला की तिथे कुऱ्हाडीचा घाव घालतात, पाण्याची चिळकांडी उडते, रानात तहानलेला माणूस ओंजळीनं ते पितो. मी लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून ते प्यालो आहे. तुरट लागतं. पण माझ्या टेपला घेर कळत होता, पोटातलं पाणी कळत नव्हतं, आणि त्या दिवसांत माझा माझ्या जिभेपेक्षा टेपवर जास्त विश्वास होता.

तो दिवस आला. सकाळी एकतीस घनफुटांचा साग दोन वेढ्यांवर छान उतरला. दुपारी कड्याच्या तोंडाशी मत्तीचा ओंडका आणून ठेवला होता, मी मोजला, तोही एकतीस. मामानं तीन वेढे घातले, मोकळं टोक बाजूच्या मुळीला बांधलं, आणि सगळे खाली झऱ्यावर पेज प्यायला गेले. मी म्हणालो, वही पुरी करून येतो. ओंडका पुढे घसरू नये म्हणून त्याला एक पाचर लावलेली असे आणि पाचरीला बारीक दोरी, ती पायानं ओढली की पाचर निघायची. मामानं शेजारी उभं राहून दोनचार वेळा माझ्या हातात दोर दिला होता, त्यामुळे मला सगळं येत होतं असं मला वाटत होतं. मी मुळीवरची गाठ सोडली. एक वेढा काढला. दोर दोन्ही हातांत घट्ट धरला आणि पायानं दोरी ओढली.

पहिल्यांदा दोर कुरकुरला. मला आठवतं, मला आनंद झाला. ओंडका हातभर गेला, दोन हात गेला. मग कुरकुर थांबली. माझ्या तळहातांतून दोर निघाला तेव्हा काही दुखलं नाही, नुसतं गरम वाटलं, आणि मी दोर सोडून दिला. त्याच क्षणी पायवाटेवर मामा होता. माझ्या वाटणीची पेज गार होईल म्हणून तो ती घेऊन वर येत होता. त्यानं पितळी टाकली, धावत येऊन सुटलेल्या दोराला हात घातला, आणि दोरानं त्याची बोटं किंदळाच्या बुंध्यावर ओढून नेली. उजव्या हाताची तीन. मामा ओरडला नाही. त्यानं हात पोटाशी धरला आणि खाली बसला. घसरणीच्या तळाला मोठा आवाज झाला. नंतर आम्ही उतरून पाहिलं, खाली कुणी माणूस-जनावर नव्हतं, ओंडका नदीकाठच्या खडकावर आपटून उभा फुटला होता आणि भोवतालचा खडक ओला झाला होता. भर दुपारी, कोरड्या उन्हात, चांगला हातभर लांब ओला डाग. मी तो पाहिला. कुणी माझ्याकडे बोट दाखवून काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

घरी मामीनं हळद भरून मामाचा हात बांधला. माझ्या तळहातांना कोकमाचं तेल लावलं. तिनं मला दोष दिला नाही, कारण मामानं तिला दारातच सांगून ठेवलं होतं की दोर त्याच्याच हातातून सुटला. अव्वालाही तेच. संध्याकाळी तो अंगणात भिंतीला टेकून बसला होता, मी जवळ गेलो.

"मामा, मी उद्या साहेबांना सांगतो."

"काय सांगशील?"

"खरं ते."

"मग ते कागद देतील?"

मी तळहातावरची चिंधी घट्ट करू लागलो.

"माझी बोटं काय परत यायची न्हाईत, परसू," मामा म्हणाला. "गेलं ते गेलं. आता त्याच्यामागं कागदबी कशाला घालवायचा? दोर ज्याच्या हातात, दोष त्याचा, असं आमच्यात हाय. दोर माझाच हाय. तुला कोण दोरवाला म्हणतंय?" आणि मग म्हणाला, "मापाचं खरं न्हवतं न्हवं तुझ्या?"

"न्हाई, मामा."

"मग झालं. शिकलास न्हवं कायतरी."

मी तेव्हा नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. त्याहून वाईट म्हणजे मला हलकं वाटलं. हे एवढं एक वाक्य लिहायला मला उभं आयुष्य लागलं आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब छावणीवर आले. मामाला झाडाखाली ओंडक्यावर बसवलं होतं. छावणीवर लिहिणारा मी एकटा, म्हणून जबानीचा कागद माझ्याच पुढे आला.

"वेढे किती होते, तुकाप्पा?"

"दोन, साहेब."

"मत्तीला दोन?" साहेबांनाही तो पाठ ठाऊक होता.

"चुकलं."

"तू? इतक्या वर्षांत तुझा एक ओंडका गेला नाही."

"गेला न्हवता म्हणूनच, साहेब," मामा म्हणाला. "माजलो. म्हटलं दोनावर जाईल. जेवायची येळ झालती."

साहेब माझ्याकडे वळले. माझ्या हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या, बोटांत टाक कसाबसा धरला होता. "तुझ्या हातांना काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा बोलला. "त्यो धावला की मला सोडवायला. दोर धरला त्यानं. त्यो नसता तर मीबी गेलो असतो खाली." आणि तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "लिही की, मास्तर. बसलायस काय?"

मी लिहिलं. 'दोर माझ्या हातात होता. वेढे मीच दोन घातले. चूक माझी.' खाली माझ्या भाच्याने धावून येऊन मला वाचवले, हेही लिहिलं, माझ्याच अक्षरात. मामाचा उजवा अंगठा शाबूत होता पण चिंध्यांत होता, म्हणून त्यानं डावा उमटवला. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हंगाम संपल्यावर त्यांनी मला पाकीट दिलं, लाखेनं बंद केलेलं, वर खात्याच्या हातोड्याची खूण उमटवलेली. "हे कॉलेजनंच उघडायचं," म्हणाले. "तुझं काम होईल." मामानं ते पाकीट डाव्या हातानं उन्हात धरून उलटसुलट पाहिलं. आत काय असेल ते आम्हा दोघांनाही कळत होतं. माझी मापांची वही मात्र मी अर्जाला जोडली नाही. ती मी चुलीत घातली.

अर्ज पोस्टानं गेला, दाखला पाकिटासकट गेला, आणि पावसाळ्याच्या तोंडाला कॉलेजचं कार्ड आलं की शास्त्राच्या वर्गात प्रवेश मिळाला आहे. मामानं ते कार्ड घेऊन आसपासची घरं पालथी घातली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही त्यानं ते वाचायला दिलं. "साहेबाच्या कागदानं केलं," तो सांगत होता. "अनुभवाचा कागद हाय तो, साधा न्हवं." दोरावर आता दुसरा माणूस होता. मामा छावणीत पाणी भरत होता, डाव्या हातानं.

पुण्याच्या पहिल्या वर्षातला एक तास सांगतो. प्रोफेसर घर्षणावर आले होते. त्यांनी टेबलावर एक लाकडी दांडा आडवा बसवला, त्याच्यावरून सुतळी सोडली, एका टोकाला वजन लटकवलं आणि दुसरं टोक चिमटीत धरून म्हणाले, पाहा, एक वेढा. आता दोन. प्रत्येक वेढ्यागणिक आपल्या बोटांचा जोर नुसता वाढत नाही, कित्येक पट होतो, आणि पुढच्या वेढ्याला त्याच्याही तितकेच पट. मग त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलं. मी ते पाहत राहिलो. एक वेढा बैलाला, दोन सागाला, तीन मत्तीला. सूत्रात वजनाची जागा होती, घनफुटांची कुठेच नव्हती. सुतळी दांड्यावरून सरकताना बारीक कुरकुरली, आणि बहुधा माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं. प्रोफेसरांनी विचारलं, "तुम्ही हे कुठे प्रत्यक्ष पाहिलंय का? रानाकडून आलात ना तुम्ही?" ज्या अनुभवावर मी इथे बसलो होतो अशी माझी समजूत होती, तो सांगायची हीच जागा होती. सगळा वर्ग वळून पाहत होता. मी उठलो आणि म्हणालो, "नाही, सर." खाली बसताना तळहात बाकाखाली घेतले. डाग अजून गुलाबी होते.

सुट्टीत घरी गेलो की मामा विचारायचा, "तुझं शिक्षाण कसं चाललंय?" आणि मग, दर वेळी, ठरल्यासारखं, "त्या कागदानंच झालं न्हवं काम?" मी म्हणायचो, "व्हय, मामा." तो मान हलवायचा, बिडी उरलेल्या बोटांत धरायचा आणि मामीकडे पाहायचा, जणू दोघांत काही पैज लागली होती आणि तो जिंकला होता. मी तेव्हा खोटं बोलत नव्हतो. मला तसंच वाटत होतं. उलट तोच माझा आधार होता. रात्रंदिवस जे टोचत होतं त्याला मी हेच सांगून गप्प करीत असे, की निदान वाया गेलं नाही. मामाची बोटं गेली, नाव गेलं, पण त्यातून एक माणूस शिकला. उगाच गेलं नाही.

नाव गेलं म्हणजे किती गेलं हे मला उळवीच्या जत्रेत कळलं. मी शेवटच्या वर्षाला होतो. गर्दीत एका बाईच्या हातून गुळाची ढेप निसटून चिखलात पडली आणि तिच्या बरोबरची म्हणाली, "हे बघा, तुकाप्पाचा दोर!" सगळ्या हसल्या. मी त्यांना ओळखत नव्हतो, त्या मला ओळखत नव्हत्या, त्यांना तुकाप्पा कोण हेही बहुधा ठाऊक नसावं. आमच्या बाजूला ती म्हण झाली होती. हातातून काही सुटलं, कुणी काम बिघडवलं, की तुकाप्पाचा दोर. मामा माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं. "चल," म्हणाला, "मंडक्की घेऊया." कुरमुऱ्यांचा पुडा त्यानं मला धरायला दिला आणि म्हणाला, "नीट धर हं," आणि स्वतःच हसला. मला तिथे, त्या बायकांसमोर, मोठ्यानं सांगता आलं असतं. आजही ती म्हण तिकडे आहे. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये ऐकली. मी त्या वेळीही खिडकीबाहेर पाहिलं.

मामा गेला त्याला बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यानं मला पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हणालो. त्यानंतर मी नोकरीतून निवृत्त झालो. त्याच वर्षी कॉलेजच्या कचेरीतून माझ्या नावानं टपाल आलं. तिथल्या कारकुनानं, माझ्या ओळखीच्या नसलेल्या एका सज्जन माणसानं, जुनी कपाटं रिकामी करताना विद्यार्थ्यांचे कागद ज्याचे त्याला पाठवायचं ठरवलं होतं. माझा अर्ज होता. त्यावर मॅट्रिकच्या गणिताच्या गुणांखाली लाल शाईची रेघ आणि बाजूला कुणाचीतरी दोन अक्षरी सही. त्यामागे टाचणीनं लावलेलं साहेबांचं पाकीट. लाख तशीच होती, हातोड्याची खूण तशीच. सोबत कारकुनाची चिठ्ठी होती: "त्या काळी शास्त्राच्या वर्गात प्रवेश केवळ मॅट्रिकच्या गुणांवर देत असत. नोकरी-अनुभवाचे दाखले विचारात घेतले जात नव्हते, त्यामुळे आपले पाकीट उघडलेले नाही. आपली वस्तू म्हणून परत पाठवीत आहे."